एआय, सरकार आणि आपण सोलापूरकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचं माझं काम आहे. त्यामुळे कारखानदार, कामगार, इंजिनिअरिंगची पोरं, डाळिंबवाले शेतकरी असे सगळेच एआयबद्दल विचारत असतात आणि हल्ली प्रश्न "हे चालतं कसं" असा नसतो, "सरकार याचं काय करणार" असा असतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी वकील नाय, पण हा विषय मनापासून वाचतो, आणि माझं मत जिथं आहे तिथं ते मतच आहे हे कळेल असं लिहिलंय.

सरकारने एआयच्या मधे पडायचंच कशाला? बाजार बघून घेईल की.

बाजार बऱ्याच गोष्टी बघून घेतो. डिझाइन बनवून देणारं अॅप भंगार निघालं तर तुम्ही ते काढून टाकता, दुसरं घेता, विषय संपला. पण बँकेच्या सिस्टीमने तुमचं कर्ज नाकारलं किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरने तुमचा बायोडेटा कुणी वाचायच्या आधीच बाजूला टाकला, तर तिथं तुम्ही गिऱ्हाईक नसता, तुमच्याबद्दल निर्णय होत असतो आणि तो कुणी घेतला हेही तुम्हाला कळत नाय. तिथं बाजार तुमच्या बाजूने उभा राहत नाय, म्हणून सरकार लागतं.

माझं सगळं म्हणणं याच्यावरच आहे. नियम यंत्राला नको, यंत्र माणसाबद्दल जो निर्णय घेतं त्याला हवा.

पण नियम आले की नवीन काही बनतच नाय ना?

अर्धं खरं आहे. नियम पाळायला कागदपत्रं लागतात, ऑडिट लागतं, वकील लागतो, आणि हा खर्च मोठ्या कंपनीला जाणवत नाय, चार पोरांच्या स्टार्टअपला मात्र तो जड जातो. त्यामुळे नियम वाईट लिहिला तर तो मोठ्यांचंच कुंपण बनतो.

उरलेलं अर्धं कुणी बोलत नाय. यूपीआय २०१६ ला आलं आणि आज पार्क चौकातल्या भेळवाल्यापासून मार्केट यार्डातल्या कांद्याच्या अडत्यापर्यंत सगळे वापरतात. ते काय नियम नव्हते म्हणून पसरलं? उलट, प्रत्येक व्यवहाराला पिन, कुठल्याही बँकेचं अॅप कुठल्याही बँकेशी बोललं पाहिजे, पैसे अडकले तर तक्रार कुठं करायची, हे सगळं आधी ठरलं होतं आणि म्हणून माणसाचा भरवसा बसला. भरवसा बसला की गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक आलं की नवीन बनवणारे आपोआप येतात.

युरोपने नेमकं केलं काय?

युरोपियन युनियनचा एआय अॅक्ट १ ऑगस्ट २०२४ ला अंमलात आला, पण एकदम नाय, टप्प्याटप्प्याने. त्यांनी एआयचे धोक्याप्रमाणे थर पाडले. सगळ्यात वर सरळ बंदी, ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. त्यात माणसांना वागणुकीवरून गुण देऊन त्यांचं नुकसान करणं येतं, कामाच्या जागी आणि शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणं येतं (आरोग्य आणि सुरक्षेचं कारण सोडून), इंटरनेटवरून सरसकट लोकांचे चेहरे गोळा करून डेटाबेस बनवणं येतं. त्याखाली जास्त धोक्याची कामं म्हणजे नोकरभरती, कर्जासाठी पत तपासणं, परीक्षा, सरकारी मदत कुणाला द्यायची हे ठरवणं. ही कामं करता येतात, पण नोंदी ठेवा, डेटा तपासा, माणसाची देखरेख ठेवा. त्याखाली चॅटबॉट वगैरे, तिथं फक्त समोर मशीन आहे हे सांगा. बाकी सगळ्याला जवळपास मोकळीक.

दंड लई मोठा आहे. बंदी असलेलं केलं तर साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पण लहान कंपनी आणि स्टार्टअपला उलटं, दोन्हीतलं जे कमी असेल ते. बारकावा छोटा आहे पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण लहान-मोठ्याला एकाच मापाने मोजायचं नाय हे त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलंय.

तरी त्यांचंही सगळं सुरळीत चाललंय असं नाय. जास्त धोक्याचे नियम २ ऑगस्ट २०२६ पासून लागू व्हायचे होते, पण २०२५ च्या नोव्हेंबरात युरोपियन कमिशननेच त्या तारखा पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडला, कारण कंपन्यांना पाळायला जी स्टँडर्ड्स लागतात तीच वेळेत तयार नव्हती. नियम आधी आणि तो पाळायचा कसा हे नंतर, असं झालं की पाळायची तयारी असलेला माणूससुद्धा अडकतो.

आमचे टॉवेल युरोपला जातात. आम्हाला हा कायदा लागू होतो का?

टॉवेलला नाय. तुम्ही टॉवेल विकताय, एआय विकत नाय, त्यामुळे निश्चिंत राहा. पण सोलापुरात बसून एखादं एआय सॉफ्टवेअर बनवलं आणि ते तिकडच्या बाजारात विकलं, किंवा त्याचा निकाल तिकडे वापरला जातोय, तर मात्र लागू होतो, ऑफिस कुठं आहे याने फरक पडत नाय. नोकरीचे अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर बनवून जर्मनीतल्या कंपनीला देणार असाल तर आधी नीट वाचून घ्या.

चेकिंगला कॅमेरा लावायचाय. परवानगी लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेरी टॉवेल मागावरून उतरला की चेकिंग टेबलवर येतो. तिथं माणूस तुटका धागा बघतो, तेलाचा डाग बघतो, सुटलेला लूप बघतो, किनार वाकडी गेलीय का बघतो. आठ तास तेच बघून डोळे दुखतात आणि संध्याकाळच्या लॉटमधे चुका जास्त सुटतात, हे कुठल्याही सुपरवायझरला विचारा. आता टेबलवर कॅमेरा लावायचा, त्याला चांगल्या-वाईट टॉवेलचे हजारो फोटो दाखवायचे, म्हणजे डाग दिसला की तो लाल खूण करतो. यात कुणाचं काय बिघडतं? कॅमेरा चुकला तर एक चांगला टॉवेल सेकंड क्वालिटीत जाईल किंवा खराब टॉवेल पुढे जाईल. नुकसान पैशाचं, तेही मालकाचंच. याला परवानगी लागत नाय, आणि लागूही नये. उद्या कुणी याच्यासाठी लायसन काढायला सांगितलं तर मी पहिला विरोध करेन.

आता तोच कॅमेरा, तोच कॉम्प्युटर, फक्त सॉफ्टवेअरमधे एक कॉलम वाढवा, कुठल्या मागावर कोण होतं त्याचं नाव. महिनाअखेरीला रिपोर्ट निघतो, अमुक कामगाराचे खराब नग जास्त, त्याची मजुरी कापा. बघा, कॅमेरा तोच आहे पण काम बदललं. पहिल्यांदा तो कापडाबद्दल बोलत होता, आता माणसाच्या मजुरीबद्दल बोलतोय. आणि खराब नग कामगारामुळेच आले हे कॅमेऱ्याला कुठं माहितीय? सूत खराब आलं असेल, माग जुना असेल, लाइटचा झटका बसला असेल. युरोपच्या कायद्यात कामगाराची कामगिरी मोजणारं एआय जास्त धोक्याच्या यादीत आहे आणि कापडाचा डाग शोधणारं नाय. आपल्याकडे असा कायदा अजून नाय, पण मी ज्यांना कॅमेरा बसवून देतो त्यांना सांगतो की नावाचा कॉलम टाकायचा असेल तर आधी कामगारांना सांगा, रिपोर्ट त्यांनाही दाखवा, आणि पैसे कापायच्या आधी एका माणसाने माग स्वतः बघून यायचं. एवढं केलं तर भांडणं पण कमी होतात.

एआयला नियम हवेत की नकोत, या प्रश्नाला म्हणूनच एका वाक्यात उत्तर देता येत नाय. कॅमेरा कुणाकडे रोखलाय त्यावर ते ठरतं.

अमेरिकेत तर काहीच नियम नाहीत म्हणे?

केंद्राचा एआयसाठी असा एक सलग कायदा नाय. बायडन यांनी ३० ऑक्टोबर २०२३ ला एक मोठा आदेश काढला होता, सगळ्यात ताकदवान एआय मॉडेलच्या (मॉडेल म्हणजे चॅटबॉटच्या मागचं मुख्य सॉफ्टवेअर) सुरक्षा चाचण्यांची माहिती सरकारला द्या वगैरे. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी तो रद्द केला. आदेशावर उभं केलेलं धोरण असं एका सहीत जातं, संसदेत कायदा केला असता तर इतक्या सहज गेलं नसतं.

पण राज्यं गप्प बसलेली नाहीत. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मधे गव्हर्नर न्यूसम यांनी एआयचं एक कडक बिल व्हेटो केलं, म्हणजे सही नाकारून अडवलं, आणि बरोबर एक वर्षाने, सप्टेंबर २०२५ मधे, त्याहून सौम्य बिलावर सही केली, ज्यात मोठ्या मॉडेलवाल्या कंपन्यांनी आपली सुरक्षेची पद्धत जाहीर करायची आणि गंभीर घटना सरकारला कळवायची. न्यूयॉर्क शहरात नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरचं दरवर्षी पक्षपाताचं ऑडिट लागतं. राज्यांना दहा वर्षं एआयवर कायदेच करू द्यायचे नाहीत अशी तरतूद वॉशिंग्टनमधे आली होती, ती सेनेटने जुलै २०२५ ला ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. दोन्ही पक्ष एवढे एका बाजूला क्वचितच येतात.

आणि चीन?

तिथं उलटा प्रकार आहे, सरकार पैसाही ओततं आणि लगामही घट्ट धरतं. जनरेटिव्ह एआयचे, म्हणजे मजकूर-फोटो बनवणाऱ्या एआयचे, नियम १५ ऑगस्ट २०२३ पासून, आणि एआयने बनवलेल्या मजकुरावर, फोटोवर लेबल लावायची सक्ती १ सप्टेंबर २०२५ पासून. पण त्यात सरकारला न आवडणारा मजकूर दाबणंही येतं, त्यामुळे त्यांची पद्धत आपण घ्यावी असं मला अजिबात वाटत नाय. लेबलची कल्पना तेवढी घेण्यासारखी आहे.

भारतात कायदा आहे का नाय ते एकदा सांगा.

एआयचा वेगळा कायदा नाय. सरकारने तसं ठरवूनच केलंय.

मागचा एक प्रसंग माहीत पाहिजे. १ मार्च २०२४ ला केंद्राच्या आयटी मंत्रालयाने एक अॅडव्हायझरी, म्हणजे सूचनापत्र, काढली की चाचणीत असलेलं, भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल लोकांना द्यायचं असेल तर आधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. स्टार्टअपवाल्यांनी गदारोळ केला, आणि बरोबरच केला, कारण भरवशाचं म्हणजे काय, अर्ज कुठं करायचा, किती दिवसात उत्तर मिळणार, काहीच लिहिलेलं नव्हतं. मंत्र्यांनी खुलासा केला की हे मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, स्टार्टअपसाठी नाय, आणि १५ मार्चला नवीन अॅडव्हायझरी आली त्यात परवानगीची अट गायब. मला विचाराल तर कडक नियमापेक्षा असा धूसर नियम जास्त घातक. कडक नियम निदान वाचून तयारी करता येते, धूसर नियमात बाबूच्या मूडवर धंदा चालतो.

त्यानंतर ५ नोव्हेंबर २०२५ ला भारताची एआय गव्हर्नन्स गाइडलाइन्स आली. सात सूत्रं आहेत, त्यातलं एक सरळ म्हणतं की रोखण्यापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य. ही सूत्रं मूळ रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मधे आर्थिक क्षेत्रासाठी मांडली होती, तीच पुढे सगळ्या क्षेत्रांना घेतली. म्हणणं असं की आत्ता आहेत ते कायदे वापरू, जिथं भोक दिसेल तिथं ठिगळ लावू, आणि बँकेचं बँकेच्या रेग्युलेटरने (त्या क्षेत्रावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था), औषधाचं औषधाच्या रेग्युलेटरने बघावं.

मग आत्ता आहे काय? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. त्याच कायद्यात सरकारला ठराविक स्टार्टअपना काही अटींतून सूट द्यायचा अधिकारही ठेवलाय. शिवाय आयटी अॅक्ट, ग्राहक संरक्षण कायदा आहेतच.

हा रस्ता आत्ता तरी मला पटतो, पण एक मोठी त्रुटी आहे. गाइडलाइन्स म्हणजे सल्ला, कायदा नव्हे. निर्णय यंत्राने घेतला हे मला कळायचा हक्क आणि माणसाकडून तो परत तपासून घ्यायचा हक्क, हे दोन कायद्यात यायला पाहिजेत. बाकीचं सावकाश आलं तरी चालेल.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमवर आता "एआय" असं लिहायचं का?

डीपफेकसाठी, म्हणजे एआयने बनवलेल्या हुबेहूब खोट्या फोटो-व्हिडिओसाठी, आयटी नियमांत केलेली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालीय. एआयने बनवलेले, खरे वाटतील असे फोटो, व्हिडिओ, आवाज यांना लेबल पाहिजे, आणि कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की प्लॅटफॉर्मने तीन तासांत काढायचं, आधी ३६ तास होते. रंग सुधारणं, उजेड वाढवणं, आवाजातली खरखर काढणं अशी नेहमीची एडिटिंग यातून वगळलीय. म्हणजे नवरीच्या शालूचा रंग उठून दाखवला तर काळजी नको. जो माणूस लग्नाला आलाच नव्हता त्याला व्हिडिओत नाचताना दाखवून इन्स्टावर टाकणार असाल तर लेबल लावा.

मसुद्यात लेबलने चित्राचा १० टक्के भाग व्यापला पाहिजे असं होतं. त्यावर हरकती गेल्या आणि शेवटच्या नियमात ते निघालं. मसुदा आधी लोकांपुढे ठेवला, हरकती ऐकल्या, बदल केला. तीन तासांची मुदत मात्र मला खुपते, एवढ्या घाईत प्लॅटफॉर्म नीट बघणार नाय, जे येईल ते काढून मोकळा होईल, आणि त्यात कुणाची रास्त टीकाही जाईल.

कुणी तुमच्या आवाजाची नक्कल करून नातेवाइकांकडून पैसे उकळले तर लगेच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. १९३० च्या मार्शल लॉचं गाव आपलं, नंबर विसरायचं कारण नाय.

सँडबॉक्स म्हणजे काय? सगळे तोच शब्द वापरतात.

रेग्युलेटरच्या नजरेखाली, थोड्याच गिऱ्हाइकांवर, ठराविक मुदतीसाठी नवीन गोष्ट चालवून बघायची मुभा. काही नियम तेवढ्यापुरते सैल होतात. ब्रिटनच्या आर्थिक रेग्युलेटरने २०१६ ला सुरू केलं, आपल्या रिझर्व्ह बँकेने २०१९ ला चौकट आणली, आणि युरोपच्या कायद्यात तर प्रत्येक देशाने एआयचा एक सँडबॉक्स उघडायचाच आहे. चांगलं हे की नियम लिहिणाऱ्याला वस्तू चालताना दिसते, बनवणाऱ्याला अडचण आधीच कळते.

आमची मागणी असेल तर एकच, हे मुंबई-बेंगळुरूपुरतं राहू नये. यंत्रमागाचा, साखर कारखान्याचा, डाळिंबाच्या तेल्या रोगाचा एआय तपासायचा तर तो इथं तपासायला हवा. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, एमआयडीसी आहे.

सरकार स्वतःच एआय वापरतं, त्याच्यावर नियम कुणाचा?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात गरजेचा प्रश्न हाच आहे.

नेदरलँड्समधे कर खात्याने मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानातले घोटाळे शोधायला जोखीम मोजणारं मॉडेल वापरलं. त्यात नागरिकत्व हाही एक निकष होता. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला, भरमसाठ रकमा परत मागितल्या, लोक कर्जबाजारी झाले, संसार मोडले. शेवटी जानेवारी २०२१ मधे तिथल्या अख्ख्या सरकारने राजीनामा दिला. आपल्या शेजारच्या तेलंगणातही वेगवेगळे डेटाबेस जोडणाऱ्या समग्र वेदिका नावाच्या सिस्टीममुळे एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाला नावाच्या सारखेपणावरून कारमालक ठरवलं आणि त्या घराचं स्वस्त धान्य बंद झालं.

आता आपल्या गावातल्या विडी कामगार बायकांचा विचार करा. वर्षानुवर्षं पानं कापून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात, मशीनवर अंगठा उमटत नाय, म्हणून आता चेहरा दाखवा, डोळे दाखवा. मशीन "नाही" म्हणालं म्हणजे त्या बाईचा हक्क संपत नाय, पण समोर बसलेला माणूस "सिस्टीम घेत नाय" एवढंच बोलतो आणि तिची मजुरी बुडवून परत उद्या यायचं. इथं नवनिर्मितीला धक्का लागेल म्हणून नियम नको असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाय. खाजगी कंपनीचं पटलं नाय तर दुसरीकडे जाता येतं, रेशनला दुसरं सरकार कुठून आणणार? सरकारी योजनेत मशीनने नाव कापायच्या आधी घरी जाऊन पडताळणी, कारण लेखी, आणि तक्रार होईपर्यंत लाभ चालू, हे बंधनकारकच पाहिजे.

मोठ्या कंपन्या स्वतःच "आम्हाला नियम लावा" म्हणतात, ते कसं काय?

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन १६ मे २०२३ ला अमेरिकन सेनेटपुढे म्हणाले होते की ताकदवान मॉडेलना लायसन देणारी एजन्सी असावी. काळजी खरी असेलही, पण लायसन मिळवणं मोठ्यालाच परवडतं हेही खरं. म्हणून कुणी नियम मागितला की बघायचं, तो पाळायचा खर्च कुणावर पडतोय.

सरकार फक्त नियमच करणार की पैसेपण देणार?

देतंय. इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मधे मंजुरी मिळाली, पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये. त्यातून ३८ हजारांवर जीपीयू (एआय चालवायला लागणाऱ्या ताकदवान चिप) उभे केलेत आणि स्टार्टअपला, विद्यार्थ्यांना ते ताशी सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दरात मिळतात. भाषांतरासाठी सरकारचं भाषिणी आहे. राज्याने जून २०२५ मधे शेतीसाठी महाअॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. पोरांनो, यासाठी अर्ज करा, आपल्याकडून अर्जच कमी जातात.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, एआयचं काहीतरी बनवतोय. कुठं नोंदणी करायची?

एआय बनवतो म्हणून कुठंच नाय. लोकांची नावं, फोटो, फोन नंबर गोळा करत असेल तर संमती घे, काम झालं की पुसून टाक. तब्येत किंवा पैशाबद्दल सल्ला देणारं बनवत असेल तर त्या क्षेत्राचे नियम आधी वाच. पिकाचा रोग ओळखणारं, चादरीचं डिझाइन काढणारं, मराठी-तेलुगू भाषांतर करणारं असेल तर बिनधास्त बनव, अशोक चौकात तेलुगू बोलणारे पहिले गिऱ्हाईक मिळतील.

कर्ज नाकारलं आणि बँकवाले म्हणतात "सिस्टीमने रिजेक्ट केलं." मी काय करू?

तिथंच थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यायला पाहिजे, सिस्टीम हे कारण होत नाय. लेखी अर्ज देऊन कारण मागा आणि पोच घ्या. मग क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा, ती ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात फेडलेलं कर्ज अजून बाकी दिसतंय, किंवा दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर आहे असं निघालं तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाय तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाय किंवा उत्तर पटलं नाय तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ ला फोन करा. तक्रार लिहिताना "एआय" वगैरे शब्द नाय घातले तरी चालतं. कधी अर्ज केला, काय कागद दिले, काय उत्तर आलं, तारखेवार लिहा आणि सोबत पोच जोडा.